होडीवर बिऱ्हाड करायचं म्हणतोय. दोन मुलं, अनुभव शून्य. सुरुवात कुठून करू?

गुहागरची_सून

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. सांभाळून घ्या.

आम्ही चौघं. नवरा, मी, मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा पाचाचा. राहायला गुहागरजवळ. दोन वर्षांपूर्वी मांडव्याला एका ओळखीच्यांच्या शिडाच्या बोटीवर तीन तास फिरलो. इंजिन बंद केलं, शीड भरलं आणि सगळं एकदम गप्प झालं. तिथे नवऱ्याचं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर नाही. खरं सांगायचं तर माझंही. फरक एवढाच, की तो रात्री जागून व्हिडिओ बघतो आणि मी रात्री जागून हिशेब करते.

बेत असा आहे: या नाही, पण पुढच्या दिवाळीनंतर निघायचं आणि मेपर्यंत एक हंगाम बोटीवरच राहायचं. जगप्रदक्षिणा वगैरे डोक्यात नाही. दाभोळ ते मालवण, फार तर पणजी. नवऱ्याला बिनपगारी रजा मिळेल. मी लोकांची जीएसटी रिटर्न्स भरते, ती रेंज असेल तिथून भरता येतात. मुंबईत एक २९ फुटी फायबरची जुनी बोट बघून ठेवली आहे. मालक म्हणतो, "सगळं ओके आहे, या आणि घेऊन जा."

सासूबाई म्हणतात, "आधी पडवी गळते तिचं बघा." शेजारी खारवीकाका आहेत, उभा जन्म दर्यावर गेलेला. ते काहीच म्हणत नाहीत, नुसते हसतात. ते मला सासूबाईंपेक्षा जास्त लागतं.

आधी काय शिकायचं? शीड हाताळायला शिकवणारा कोर्स करायचा की थेट बोट घेऊन शिकायचं? एवढ्या लहान मुलांना नेणं शहाणपणाचं आहे का? आणि मला प्रवासात उलट्या होतात, दाभोळ-धोपावे फेरीतसुद्धा कधी कधी. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरंखुरं सांगा. "स्वप्नं बघा, पूर्ण होतात" असलं नको, ते नवरा रोज सांगतो.


देवगडचो_झिलगो

गो बाय, आधी पोरांका पेवक (पोहायला) शिकय. मगे शीड.

बाकीचं साध्या मराठीत लिहितो. आजा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या होता, बापाची बोट होती, मी बँकेत चिकटलो. म्हणजे मी काही जाणकार नाही, पण एक गोष्ट सांगतो जी व्हिडिओत सांगत नाहीत. "पाऊस गेला की दर्या शांत" हे अर्धंच खरं आहे. २००९ साली दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. ११ नोव्हेंबरला फयान आलं. आई दोन रात्री ओटीवर बसून होती. आमची माणसं आली, किनाऱ्यावर कितीतरी घरांतली आली नाहीत. २०१९ ला क्यार वादळ ऐन दिवाळीत. त्या आठवड्यात देवगड बंदरात परराज्यातल्या बोटींची एवढी दाटी, की या बोटीवरून त्या बोटीवर पाय टाकत पलीकडे जाता आलं असतं. आणि तौक्ते आलं ते मेच्या मध्यावर, २०२१. म्हणजे तुमच्या हंगामाची दोन्ही टोकं वादळाची. माझं ऐकाल तर नोव्हेंबर सरत आल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नका आणि एप्रिल सरताना बोट वर काढा. मेचे दिवस लोभाचे असतात, तिथेच माणूस फसतो. हवामान खातं आणि हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) मच्छीमारांसाठी रोज अंदाज काढतात. तो आमचा बाप वाचतो तसा वाचा, म्हणजे चष्मा लावून.

दुसरं, रात्री चालू नका. जाळी सोडलेली असतात, मैलभर लांब, आणि खूण म्हणून थर्माकोलचा तुकडा नाहीतर एखादा लुकलुकता दिवा. इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यात जाळं अडकलं तर सुरी काढण्याआधी आजूबाजूला बघा, ज्याचं जाळं आहे तो जवळच असतो. त्याला हाक मारा. न विचारता कापलंत, तर पुढच्या बंदरात तुमच्या आधी तुमची कीर्ती पोचलेली असेल.


खाडीतली_बिऱ्हाडकरीण

मी दोन हंगाम राहिले आहे. ३१ फुटी बोट; मी, नवरा आणि मुलगी, जी निघताना सात वर्षांची होती. जयगडपासून मालवणपर्यंत. त्यामुळे जरा लांबण लावते. चहा घेऊन बसा.

तुमचे सगळे प्रश्न शिडाबद्दल आहेत. आमचेही तेच होते. पण हंगामाचे दीडशे दिवस धरले तर आम्ही त्यातले जेमतेम तीस दिवस चाललो असू. उरलेले दिवस बोट नांगरावर आणि आम्ही तिच्यात. शीड चुकलं तर वेग जातो, नांगर चुकला तर घर जातं. आम्ही पाच दिवसांचा कोर्स केला होता, चांगला होता, त्यात नांगर दोनदा टाकला. दोन्ही वेळा दिवसा, भरतीला, आणि दहा मिनिटांनी उचलला.

आता जयगडची गोष्ट. आमच्या बिऱ्हाडाची पाचवी की सहावी रात्र, डिसेंबर, पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेले. संध्याकाळी सातला शास्त्री नदीच्या मुखाशी आत शिरून नांगर टाकला. मीटरवर खोली साडेतीन मीटर. खोलीच्या चौपट साखळी सोडायची असं शिकवलेलं. नवऱ्याने १४ च्या जागी १५ मीटर सोडली, वर म्हणाला, "एक मीटर तुझ्या नावाने." खिचडी खाल्ली आणि झोपलो.

रात्री दीडला मला जाग आली. आवाजाने नाही, आवाज बदलल्यामुळे. साखळी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, कुरकुरते त्याची तोवर सवय झाली होती, ठणकणाऱ्या दाढेसारखी, ताल धरून. आता ती तळावरून घासटत होती आणि तो आवाज लाकडातून थेट उशीत येत होता. घर्रर. थांबायचा. पुन्हा घर्रर. वर आले तर झोपताना डाव्या हाताला असलेला जेट्टीचा दिवा आता पाठीमागे, आणि समोर मच्छीमार बोटींची रांग, इतकी जवळ की एकीवर पेटलेली विडी दिसली. भरतीचं पाणी आम्हाला आत ओढत होतं, वरून जमिनीकडून येणारा मतलई वारा सुटलेला, बोट मधल्यामध्ये आडवी होऊन सरकत होती. नवरा नाळेवर, मी सुकाणूवर, इंजिन चालू, आणि दोघंही एकमेकांवर ओरडतोय. मी म्हणतेय "काय?", तो म्हणतोय "मागे!", मला ऐकू येतंय "आधी!". विडीवाले काका शांतपणे बांबू घेऊन उभे राहिले आणि आमच्या बोटीला त्यांनी हाताने ढकलावं तसं बाजूला ढकललं. शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, "ताई, पाणी चढतंय ना. साखळी सोडा की."

एवढंच होतं. सातला ओहोटी संपत आलेली. दोनला पूर्ण भरती. मधल्या वेळात अडीच मीटर पाणी वाढलं, म्हणजे खोली सहा. नाळ पाण्याच्या वर मीटरभर, झाले सात. सात मीटरला पंधरा मीटर साखळी म्हणजे जेमतेम दुप्पट. साखळी आडवी पडून नांगराला जमिनीसरसं ओढते तोवर तो रुततो. ती ताठ उभी राहिली की तीच ओढ नांगराला उचकटून काढतो. तेव्हापासून हिशेब एकच: भरतीची खोली, अधिक नाळेची उंची, त्याच्या पाचपट. वारा असेल तर सातपट. आणि भरती कधी, ते कुठल्याही ॲपआधी कालनिर्णयावरून काढायला शिका. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. तृतीया म्हणजे सव्वादोन, अष्टमी म्हणजे सहा, पौर्णिमा-अमावस्या सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फोन बंद पडला तरी तिथी बंद पडत नाही. उत्तरेकडे गेलात तर पाण्याची चढउतार मोठी, मुंबईला उधाणाला पाच मीटरच्या घरात जाते, मालवणला साधारण त्याच्या निम्मी.

आणि ते ओरडणं. दुसऱ्या दिवशी आम्ही बसून हाताच्या खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे थांब, तळवा मागे म्हणजे मागे, दोन बोटं म्हणजे इंजिन बंद. तेव्हापासून नांगर टाकताना तोंडाने एक शब्द नाही. आणखी एक गोष्ट, जी तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. सुकाणू तुमच्या हातात आणि साखळी नवऱ्याच्या हातात. ताकद साखळीला लागते. आणि बोट एकटीने परत आणता येणं तुम्हाला यायलाच हवं. नवरा पाण्यात पडला तर बोटीवर मोठं माणूस म्हणून तुम्हीच उरणार आहात, हा विचार तुमच्या रात्रीच्या हिशेबात घाला.

त्याचा सराव आम्ही नारळावर केला. सोललेला नको, सालासकट. तो पाण्यात माणसाच्या डोक्याएवढाच वर दिसतो आणि दोन लाटांआड गेला की दिसतच नाही. न सांगता मुलगी तो टाकायची आणि "माणूस पाण्यात!" ओरडायची. एकाने हात लांब करून फक्त नारळाकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही, दुसऱ्याने बोट वळवायची. पहिल्यांदा आम्हाला चौदा मिनिटं लागली आणि शेवटी नारळ मिळालाच नाही. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "तो बाबा असता तर?" त्या दिवसापासून नवऱ्याने पट्टा न लावता नाळेवर जाणं बंद केलं. माझ्या सांगण्याने ते कधी झालं नसतं.

मुलं. लाइफ जॅकेट मोठ्यांचं छोटं करून चालत नाही. मुलाच्या वजनाचं घ्या आणि दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. नाहीतर जॅकेट वर तरंगतं आणि पोर खाली घसरतं. विकत आणलंत की विहिरीत किंवा खाडीत घालून बघा, तोंड वर राहतंय का. आमच्याकडे नियम होता, जिन्याची शेवटची पायरी ओलांडायची तर जॅकेट, बोट बांधलेली असली तरी. जयगडच्या त्या रात्री सगळं आवरून खाली वळले तर मुलगी जिन्यात बसलेली, जॅकेट घालून, बंद नीट लावून. कुणी उठवलं नव्हतं. किती वेळ बसली होती कोण जाणे. तुमच्या पाच वर्षांच्याला मात्र जॅकेटवर एक पट्टाही हवा, बोटीला अडकवलेला. त्या वयाची मुलं नियम पाळतात, फक्त आठवला तर.

उलट्यांचं. तुम्हाला बोट लागते हे लपवायचं कारण नाही, चांगल्या चांगल्यांना लागते. तीन-चार दिवसांत बहुतेकांचं शरीर रुळतं. खाली केबिनमध्ये बसून फोन बघायचा नाही, वर येऊन क्षितिज बघायचं, शक्यतो सुकाणू हातात घ्यायचं. गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती गोळी माशांच्या पोटात जाते. मुलांची मात्रा डॉक्टरांना विचारूनच. माझ्यापुरतं सांगते, आलेपाक आणि कोरडी भाकरी. उपाशीपोटी सगळ्यात वाईट लागते.

आता वारा. थंडीत इकडचा नियम सोपा आहे. पहाटे जमिनीवरून मतलई, दहा-अकराला पडतो, मग दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो तो चारच्या सुमाराला जोरावर. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीवर, मजेत जाल. रत्नागिरी ते विजयदुर्ग २७ सागरी मैल, आम्हाला सहा-सात तास लागायचे. परत येताना तोच वारा तोंडावर. तेव्हा पहाटे पाचला मतलईवर निघायचं आणि दुपारच्या आत पुढच्या खाडीत शिरायचं. नवख्यांनी जाताना मोजलेले दिवस येताना दुप्पट करून धरावे. विजयदुर्गच्या आत वाघोटण खाडीत माझ्या मते या किनाऱ्यावरचा सगळ्यात निवांत मुक्काम आहे. मालवणला मात्र खडप, म्हणजे पाण्यातले खडक, फार. सिंधुदुर्ग कितीही बोलावत असला तरी अंधारात आत शिरायचं नाही.

घरकामाचं थोडं. आमची टाकी २०० लिटरची, तिघांना आठ दिवस पुरायची. भांडी समुद्राच्या पाण्याने, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. आंघोळ तशीच. कुकर हवाच, कारण झाकण बंद असतं. बोट कलली तरी आमटी भांड्यातच राहते. गॅसचं मात्र घाबरून राहा. गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून बाहेर घालवता येतो, बोटीत तळाशी साठून बसतो आणि तिथेच बॅटरी असते. सिलिंडर बाहेर, वेगळ्या कप्प्यात, आणि प्रत्येक चहानंतर शेगडीचा नाही तर सिलिंडरचा खटका बंद. फ्रीज नव्हता, लागला नाही. सकाळी परतणाऱ्या होडीला हात केला की बांगडे मिळायचे. पैसे घ्यायला काहीजण तयार नसायचे, त्यांना फोन चार्ज करून द्यायचो. एप्रिलमध्ये केबिनमधला उकाडा सांगून कळणार नाही. डेकवर ताडपत्री बांधायची सोय बोट घेतानाच बघा.

आणि भांडणं. ३१ फुटांत रुसायला जागा नसते. आमच्यात एवढंच ठरलं होतं: नाळेवर जाऊन बसलेल्या माणसाशी बोलायचं नाही. तो परत येईपर्यंत. मुलीने हा हक्क सगळ्यात जास्त वापरला.

म्हणून माझं उत्तर, विचारलंत म्हणून: पहिला हंगाम गोव्याचा बेत सोडा. एक खाडी धरा, तुमची दाभोळची वाशिष्ठी धरा, आणि तिच्यात महिनाभर नुसतं राहा. जागा बदला, नांगर टाका, उचला, भरतीला टाका, ओहोटीला टाका, रात्री उठून बघा. शीड मग येतंच.


निवृत्त_चीफ

मी इंजिनवाला. शिडाबद्दल बोलणार नाही. पण "सगळं ओके आहे" हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं आहे आणि त्यापाठोपाठ साधारण तीन दिवसांनी आम्ही गुडघाभर पाण्यात असायचो.

बोट पाण्याबाहेर काढून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सर्व्हेअर आणा, त्याचे पैसे तुम्हीच द्या, मालकाने आणलेला नको. फायबरवर छोट्या हातोडीने ठोकत जातात. चांगल्या जागी टणक आवाज, पाणी मुरलं असेल तिथे बसका. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा कधी बदलल्या ते विचारा. दहा-बारा वर्षं झाली असतील तर दिसायला कितीही चकचकीत असोत, बदलायच्या. मग बुडातली भोकं मोजा. संडासाचं, बेसिनचं, इंजिनच्या पाण्याचं. प्रत्येकाला वॉल्व्ह असतो आणि तो तुमच्या बायकी हाताने (रागावू नका, माझ्या बायकोचा हात माझ्यापेक्षा मजबूत आहे) फिरला पाहिजे. प्रत्येक वॉल्व्हशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. वॉल्व्ह तुटला तर खुंटी ठोकायची. अंधारात शोधायची वेळ येऊ नये म्हणून दोरी.

इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघा. नसेल तर बहुधा पंपातला रबरी इंपेलर गेला. तो बदलायला दोघंही शिका आणि दोन जादा ठेवा. बंद पडलेल्या इंजिनांपैकी निम्मी मी फक्त डिझेलमधलं पाणी काढून चालू केली आहेत, त्यामुळे फिल्टरचेही जादा घ्या.

पैसे. बोटीच्या किमतीच्या एक तृतीयांश रक्कम वेगळी ठेवा आणि ती गेली असं समजा. आणि ती बोट जूनमध्ये कुठे उभी करणार ते आत्ताच ठरवा, घेतल्यावर नाही. मच्छीमार १ जून ते ३१ जुलै बंदीत होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, पण खाली खोल कील (बुडाखालची जड पात) असलेली शिडाची बोट तशी वाळूवर ओढता येत नाही. तिला क्रेन लागते आणि टेकू लागतात. निसर्ग वादळ ३ जूनला आलं होतं, २०२० ला, रायगडच्या किनाऱ्यावर. म्हणजे "जूनच्या पहिल्या आठवड्यात बघू" हेसुद्धा उशिराचं.

कागदांसाठी बोट घेण्याआधी मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात स्वतः जाऊन बसा. प्रत्येक बंदरात सागरी पोलीस विचारपूस करतील, केलीच पाहिजे. ओळखपत्रं आणि बोटीचे कागद प्लास्टिकमध्ये, हाताशी. व्हीएचएफ रेडिओ परवान्यासह घ्या. संकटाचा चॅनल १६. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही मुलीला पाठ हवेत. परदेशी व्हिडिओत दिसतात ते सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रं मात्र मागवू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे, लोकांना अटक झाली आहे.

नवऱ्याला एक सांगा. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगाला फेरी मारून आले, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी त्यांनी ती बोट, 'म्हादेई', गोव्याच्या गोदीत आपल्या डोळ्यांदेखत बांधून घेतली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. तिचा खिळा न् खिळा त्यांना माहीत होता.


गुहागरची_सून

इतकं सगळं लिहाल असं वाटलं नव्हतं. काल रात्री नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. जयगडच्या गोष्टीला तो गप्प झाला. मग म्हणाला, "एक मीटर तुझ्या नावाने, हे मीही म्हटलं असतं." चीफसाहेब, रागावले नाही, वॉल्व्ह मीच फिरवणार आहे.

मुंबईच्या मालकाला फोन करून सर्व्हेअरचं विचारलं. तो म्हणाला, एवढा विश्वास नसेल तर राहू द्या. राहू दिलं.

आज सकाळी खारवीकाकांकडे गेले आणि सरळ विचारलं, काका तुम्ही हसता का? ते म्हणाले, "तू साखळी किती ते विचारलंस का कधी? नाही ना. म्हणून हसलो." आता ते शनिवारी त्यांची होडी देतायत, खाडीत रात्रभर नांगरावर राहायला. काका स्वतः येणार नाहीत, काठावरून बघणार आहेत. मुलांना विहिरीत पोहायला घातलं, धाकटा अजून पांगाऱ्याचा ओंडका सोडत नाही.

राहिले दोन प्रश्न. मुलीच्या शाळेचं काय केलंत? आणि सासूबाई आज पहिल्यांदा मुद्द्याचं बोलल्या: "शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हा तुम्ही कुठे असाल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.


खाडीतली_बिऱ्हाडकरीण

मालकाला राहू दिलंत ते उत्तम.

शाळेचं: आमच्या मुख्याध्यापक बाई समजूतदार निघाल्या, नाव ठेवलं, परीक्षेपुरतं येऊ दिलं. सगळीकडे तसं होत नाही. तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, लहान वर्गांची सोय आधीच बघून ठेवा. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. रोज सकाळी दोन तास अभ्यास, तोही वारा पडलेल्या वेळात. भूगोल आपोआप होतो. गणितात भागाकार ती साखळीवर शिकली. शुद्धलेखनाचा मात्र बोजवारा उडाला, तो अजून निस्तरतोय.

शनिवारी जाताय तर आधी तिथी बघा. नवख्यांनी पहिली रात्र उधाणाची घेऊ नये. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. या शनिवारी तसं नसेल तर पुढचा शनिवार घ्या, काका काही म्हणणार नाहीत. आणि साखळीला किंवा दोराला दर पाच मीटरवर रंगाची खूण करा, अंधारात मोजता येत नाही. आम्ही रंगाऐवजी चिंध्या बांधल्या होत्या, पाच मीटरला एक, दहाला दोन. हाताला लागतात.

शिमग्याला आम्ही दोन्ही वर्षं घरी होतो. पालखी चुकवायची नाही, त्यावर वाद घालू नका, सासूबाई बरोबर आहेत. बोट वाशिष्ठीत आत, काकांच्या नजरेसमोर ठेवा आणि त्यांना दिवसातून दोनदा बघायला सांगा. फक्त होळी पौर्णिमेची असते, म्हणजे उधाणाची. साखळी जास्त सोडून जा.